ठाण्याहून इंडियन ओपन स्क्वॉशला: कसं जावं, कुठे बसावं, काय बघावं

मार्च २०२५ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर इंडियन ओपन स्क्वॉश स्पर्धा झाली. २४ ते २८ तारखेपर्यंत, म्हणजे सोमवार ते शुक्रवार. व्यावसायिक स्क्वॉशपटूंच्या जागतिक मालिकेतली, म्हणजे पीएसए टूरवरची, कॉपर या खालच्या पायरीच्या दर्जाची स्पर्धा, पुरुष आणि महिला दोन्ही गटांची. मी भाच्याला घेऊन गेले ती मुख्यतः पुरुषांचे सामने बघायला. आम्ही दोघंही बॅडमिंटनवाले. ठाण्यात महापालिकेच्या सय्यद मोदी योजनेपासून खासगी हॉलपर्यंत बॅडमिंटनचं वातावरण मोठं आहे, स्क्वॉशचं मात्र जवळजवळ नाहीच. म्हणूनच हे लिहितेय. पुढची स्पर्धा मुंबईत भरेल तेव्हा ठाणे-नवी मुंबईतून चार माणसं जास्त यावीत एवढीच इच्छा आहे.

आधी जाण्याचं बघू. आठवड्यातल्या दिवशी दुपारी दोन-अडीचची सीएसएमटी फास्ट पकडली तर गर्दी बेताची असते आणि साधारण तासाभरात पोचता येतं. सीएसएमटीला सबवेने महापालिकेच्या बाजूला बाहेर पडा आणि आझाद मैदान उजव्या हाताला ठेवून चालत सुटा. मैदानाच्या दक्षिण टोकाला जिमखाना, पंधरा मिनिटांच्या आत पोचता. टॅक्सी करू नका, गाडी तर अजिबात आणू नका. त्या भागात पार्किंग शोधण्यात एक अख्खी मॅच निघून जाते. नवी मुंबईकरांना वाशी, नेरूळ, पनवेलहून हार्बरची लोकल थेट सीएसएमटीला आणते. ती सगळीकडे थांबत येते, पण गाडी बदलावी लागत नाही. उलवे-पनवेलच्या लोकांना अटल सेतूचा मोह होईल, पण सेतू शिवडीला उतरवतो आणि पुढचं ट्रॅफिक तुमचं तुम्हालाच काढावं लागतं.

येताना संध्याकाळी सहा ते साडेआठ ही वेळ टाळा. साडेनऊनंतर निघालात तर सीएसएमटीला ठाणे लोकलच धरा, स्लो असली तरी चालेल. कर्जत-कसारा फास्टमध्ये चढाल, पण ठाण्याला उतरताना दारापर्यंत पोचणं ही वेगळीच स्पर्धा होते, आणि बरोबर मूल असेल तर नकोच. पोटासाठी स्टेशनसमोरच्या आरामचा वडापाव जातानाच खाऊन घ्या. सामने रंगले की मधे उठावंसं वाटत नाही.

जिमखाना १८७५ चा. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये याच मैदानावर झाला आणि लाला अमरनाथांनी इथेच ११८ धावा काढल्या, हे भाच्याला सांगताना मलाच भरून आलं. पण हा खासगी क्लब आहे. प्रवेशिका कशी मिळते, कोणत्या दाराने आत सोडतात, हे आयोजकांच्या घोषणेत बघूनच घरून निघा. कॉलरचा शर्ट आणि बूट घातलेले बरे. अशा क्लबांत चप्पल-बर्म्युडावर अडवू शकतात.

आता खेळाकडे. बॅडमिंटनमध्ये प्रत्येकाचं अंगण वेगळं, मधे जाळी. स्क्वॉशमध्ये ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद अशा एकाच खोलीत दोन माणसं जिवाच्या आकांताने धावतात आणि एकमेकांना वाटही द्यायची असते. टीव्हीवर हे कळतच नाही. पडद्यावर चेंडू बारीक दिसतो, कोर्ट चपटं दिसतं आणि रॅली एकसुरी वाटते. जवळून बघितल्यावर पहिल्या पाच मिनिटांत खेळाडूंचा श्वास ऐकू येतो, बुटांची करकर ऐकू येते, आणि टिनवर, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर (तिथे लागला की फटका बाद) आदळलेल्या चेंडूचा तो पत्र्याचा आवाज छातीत धस्स करतो.

माझा आग्रह एकच आहे: चेंडू बघू नका, ज्याने आत्ताच फटका मारलाय तो माणूस बघा. फटका सुटताक्षणी तो कोर्टाच्या मध्याकडे, ज्याला टी म्हणतात तिकडे परततो. ज्याचा टीवर ताबा त्याचा खेळावर ताबा. डाव्या भिंतीला घासून जाणारे सरळ ड्राइव्ह दहा-दहा, पंधरा-पंधरा चाललेत असं दिसलं तर कंटाळू नका. प्रत्येक फटक्याने समोरचा अर्धा पाऊल मागे ढकलला जात असतो आणि तो पुरेसा मागे गेला की पुढे ड्रॉप, म्हणजे समोरच्या भिंतीजवळ हळूच टाकलेला चेंडू, पडतो. पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यांत टिन ४३ सेंटीमीटर उंच, नेहमीच्या क्लबच्या कोर्टात ती ४८. त्या पाच सेंटीमीटरमुळे ड्रॉप आणि निकचे (भिंत नि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मारलेले) फटके कितीतरी जास्त धारदार होतात. भाचा दुसऱ्या गेमनंतर मला म्हणाला, "मावशी, हा मागे गेलाय, आता पुढे पडणार बघ," आणि पडला!

जागेबद्दल. मागच्या भिंतीमागे बसलात तर चेंडू भिंतीच्या किती जवळून जातो ते कळतं, बाजूला बसलात तर लांबी कळते. काचेच्या कोर्टावर दोन्ही बाजूंनी बघून घ्या, दोन गेमच्या मधल्या विश्रांतीत जागा बदलता येते. क्लबच्या आतल्या कोर्टावर सामना असेल तर गॅलरी छोटी असते, अर्धा तास आधी पोचा. रॅली चालू असताना हलू-बोलू नका, फ्लॅश तर नाहीच. गेम ११ गुणांचा, १०-१० झाले की दोनची आघाडी हवी, पाचपैकी तीन गेम जिंकायचे. लेट म्हणजे गुण पुन्हा खेळायचा, स्ट्रोक म्हणजे अडथळा आल्यामुळे थेट गुण. एवढं घरून शिकून आलात तर पंचांशी चाललेली हुज्जतही समजते.

अंतिम सामन्याची तिकिटं सगळेच शोधतात. मी म्हणेन, सुरुवातीच्या फेऱ्यांना या. एका तिसऱ्या प्रहरी लागोपाठ सामने बघायला मिळतात आणि परदेशी खेळाडू शेजारून पाण्याची बाटली घेऊन जातात. त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्यात आपला अभय सिंग इजिप्तच्या करीम एल तोर्कीकडून हरला, महिलांत अनाहत सिंगने विजेतेपद मिळवलं. अभयची हार लागली खरी, कारण हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानविरुद्धच्या निर्णायक सामन्यात पाचवा गेम १२-१० असा काढून सांघिक सुवर्ण आणणारा हाच. त्या संघात मुंबईचा महेश माणगावकरही होता. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश घेण्यावर शिक्कामोर्तब झालं तेही मुंबईतच, ऑक्टोबर २०२३ मधल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात.

बघून आल्यावर मुलं "मलाही खेळायचंय" म्हणणारच. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांच्या क्लबहाउसमध्ये स्क्वॉश कोर्ट असतं, काही ठिकाणी त्यात खुर्च्या रचलेल्या बघून जीव तुटतो. सोसायटीत विचारा, मोकळं करून घ्या. बॅडमिंटनचे, तळव्याचे डाग न पाडणारे बूट चालतात. चेंडू मात्र दोन पिवळ्या ठिपक्यांचा घेऊ नका. तो व्यावसायिकांचा, गरम झाल्याशिवाय उसळतच नाही, आणि मुलांच्या हाताने तो गरम होत नाही. निळ्या किंवा लाल ठिपक्याचा मागा, आणि डोळ्यांचा संरक्षक चष्मा पहिल्या दिवसापासून घाला.