तुम्ही विचारलंत म्हणून : चिलगोजा आपल्याकडं येतो का?

"मामा, चिलगोजं लावलं तर येतंय काय हो आपल्याकडं?"

बेळगाव-खानापूर रोडला माझी छोटी नर्सरी आहे. दिवाळीत कुणाच्या तरी घरी सुक्या मेव्याचा डबा येतो, त्यातलं ते लांबट तपकिरी बी आवडतं, दुकानात त्याचा भाव कळतो, आणि मग माणूस माझ्याकडं येतो. कुणी एक झाड मागतो, कुणी अर्धा एकर लावायचं म्हणतो.

येत नाही. पण एवढंच म्हणून परत पाठवायचं माझ्या जिवावर येतं.

डब्यातलं बी बहुतेक भाजलेलं असतं, ते उगवायचा प्रश्नच नाही. माझा भाचा फौजेत आहे. हिमाचलात किन्नौरला असताना त्यानं मला मूठभर कच्चं बी आणून दिलं. वाळू घातलेल्या पिशव्यांत वीस बिया लावल्या, सात उगवल्या. कोंब टरफलाची टोपी डोक्यावर घेऊनच वर आला, टोपी गळाल्यावर हिरव्या सुयांचं छोटं छत्र उघडलं. चाळीस वर्षं रोपं करतोय, तरी त्या आठवड्यात दिवसातून दहादा तिथं जाऊन बसत होतो.

मृगापर्यंत ती बरी होती. आषाढात आपल्याकडचा पाऊस बसला आणि एकेक रोप बुडाशी काळं पडून आडवं झालं. वर पत्रा घातला, पाणी तोडलं, पण हवेतली ओल कुठं तोडणार?

हे झाड पाइनच्या जातीचं, पण कोरड्या डोंगरातलं. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारतात मुख्यतः किन्नौर. साधारण 1800 ते 3300 मीटर उंचीवर, जिथं पावसाळा जेमतेम पोचतो आणि ओल मिळते ती बर्फाची. बेळगाव 750 मीटरवर. त्याला लागते तशी थंडी आपल्याकडं पडतच नाही. कॅम्पातली सुरूची झाडं दाखवून "मग हे कसं आलं?" असं विचारतात. सुरू दिसतो तसा, पण पाइनचा तो कुणीच नव्हे.

रोपं गेली ती मनातून जाईनात. शेवटी मीच किन्नौरला गेलो, सप्टेंबरअखेर, तोडणीच्या दिवसांत. झाडाची साल आपल्या पेरूसारखी, पापुद्रे सुटून खाली हिरवट-राखाडी चट्टे. सुया तीन-तीनच्या जुडग्यानं. बी ज्यात असतं ते खवल्यांचं कणीस उमलायच्या आत काढावं लागतं, नाहीतर पाखरं बी नेतात. माणसं कड्यावरच्या झाडांवर चढून लांब काठीच्या आकड्यानं कणसं ओढतात, मग ती उन्हात उघडेपर्यंत वाळवून बी झटकतात. भाव त्या चढण्याचा आहे. कणीस पिकायला दोन पावसाळे घेतं. ओढताना फांदी मोडली तर तिच्यावरचं पुढच्या सालचं बारकं कणीसही जातं. ही घाई बघून मला फार वाईट वाटलं. पण वर्षाचा रोख पैसा त्यातूनच येतो, त्या माणसांना मी काय सांगणार?

या बियांना वाऱ्यावर उडायला पंख नाहीत. कावळ्याच्या कुळातलं एक पाखरू ती नेऊन पुरतं आणि त्यातली काही विसरतं, त्यातून रान वाढतं. माणसानं सगळंच गोळा केलं तर पाखरानं पुरायचं काय? म्हातारी झाडं खूप दिसली, पोर झाडं हुडकावी लागली.

झाड हवंच असेल तर माझ्याकडून वेंगुर्ला-4 काजूचं कलम न्या. खानापूर-जांबोटीच्या लाल मातीत ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दाखवतं.

परतीच्या दिवशी एका खडकाच्या फटीत वीतभर चिलगोजा दिसला. वाटेवरून गवताचा भारा घेऊन चाललेल्या बाईंना विचारलं, कधीचा हा? त्या म्हणाल्या, धाकटा शाळेत जायला लागला तेव्हापासून बघतेय, तेव्हा बोटाएवढा होता. धाकटा आता कितवीत, विचारलं. सहावीत.