सांगलीहून सिंगापूरला येताय? बॅगेतली जीन्स काढा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सांगलीहून फोन सुरू होतात. 'तिकडं उकाडा किती आहे गं?' मी ३२ अंश म्हणाले की पलीकडून हसू ऐकू येतं. बरोबरच आहे, विश्रामबागेत चाळिशीचं ऊन काढणाऱ्यांना ३२ चं काय कौतुक! पण इथं आकडा बघून बॅग भरली की फसगत ठरलेली.

आपलं एप्रिलचं ऊन कोरडं असतं. घाम येतो, वाळतो आणि वाळता वाळता अंग गार करतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. हवेत सरासरी ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता, रात्रीही पारा २५ च्या आसपास. घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन एवढंच बघा: ओली झाली तर रातोरात वाळेल का?

'सुती घे' हा घरचा सल्ला अर्धाच खरा. जाड खादी आणि जीन्स घाम पितात आणि धरून बसतात. मलमल, विरळ विणीचा कुर्ता, लिनन चालेल. पोरं क्रिकेटला घालतात ते ड्राय-फिट टी-शर्ट तर उत्तमच, दिसायला कसे का असेनात. जीन्स हवीच असेल तर विमानात अंगावर असेल तेवढी एक. जाड टर्किश टॉवेल घरी ठेवा, पंचा आणा. मावशी, काकू मंडळींनी परकर पातळ सुती घ्यावेत आणि दिवसाआड नव्हे, रोज बदलावेत. नाडीखाली, पट्ट्याखाली, जांघेत ओल राहिली की नायटा धरतो, आणि मग सगळी सहल खाजवण्यात जाते. डॉक्टरांना विचारून बुरशीवरचं मलम आणि साधी पावडर जवळ ठेवा.

दिवाळीला आपल्याकडचा पाऊस संपलेला असतो, इथं मात्र नोव्हेंबर ते जानेवारी हेच सगळ्यात पावसाचे महिने. इमारतींच्या खिडक्यांबाहेर बांबूवर कपडे वाळत घातलेले दिसतात, आणि दुपारी आभाळ गडगडलं की ते आत ओढायची सगळ्यांची एकच धांदल. छत्री पर्समध्ये मावेल अशी हवी. कोल्हापुरी चप्पल आणू नका, भिजलेलं कातडं इथं बुरशी धरतं. माळ्यावरून काढलेले जुने स्पोर्ट्स शूजही नकोत. पडून राहिलेल्या तळव्याचा फोम दमट हवेत भुगा होतो, तोही नेमका भर रस्त्यात.

एवढ्या उकाड्यात शाल कशाला, असं वाटेल. मेट्रोत, मॉलमध्ये एसी असा सोडलेला असतो की ओल्या पाठीला कापरं भरतं. पातळ स्टोल हाताशी असू द्या. चष्मेवाल्यांनो, बाहेर पडताच काचांवर धुकं येतं, तेव्हा पायरीवर जरा थांबा.

आता खरा विषय, खाऊ. भडंगाचं मोठं पाकीट उघडलं की बघता बघता सादळतं, तेव्हा एका वेळी संपतील अशा छोट्या पुड्या पॅक करून घ्या. बेदाणा टिकतो, पण घट्ट झाकणाच्या डब्यात.

आणि मसाला! कांदा-लसूण मसाल्यात कुणी कुणी खसखस घालतं. सिंगापूरमध्ये खसखस आणायला बंदी आहे, इथं ती अमली पदार्थांच्या नियमात मोडते. डंकावर जायच्या आधीच माझ्या वाट्याचा मसाला बिनखसखशीचा वेगळा करायला सांगा. भाजीत फरक कळत नाही, आत्या काहीही म्हणो. तंबाखू, गुटखा, मशेरी कुणाच्याही पिशवीत नको. चघळायच्या तंबाखूलाही इथं मनाई आहे, आणि 'एवढीशी तर पुडी' हे कस्टमच्या माणसाला मराठीत सांगून उपयोग नाही.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. प्लगच्या तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर माझ्याकडं आहे, तो विकत घेऊ नका. त्या जागेत थोडं भडंग बसेल.