टाकी ते टाकी
वर्धा ते सेवाग्राम या सुमारे ८ किलोमीटरच्या रस्त्यावर आमचा डिझेल ऑटो धावतो. त्याचे मायलेज मी अंदाजाने सांगत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरतो, मीटरचा आकडा वहीत टिपतो आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच सपाट जागी उभा करून पुन्हा तेवढीच भरतो, कारण ऑटो जरासा कलला तरी टाकीत हवा अडकून हिशेब बिघडतो. १५० किलोमीटरला ५ लिटर लागले, तर मायलेज ३०. मात्र एका भरण्यावर मी विसंबत नाही. भरलेली फेरी, रिकामी फेरी, बसस्थानकापाशी चालू इंजिनावर पाहिलेली सवारीची वाट, हे सगळे त्यात मिसळते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर १० अंशांच्या फरकाने डिझेलचे आकारमान सुमारे ०.८ टक्क्यांनी वाढते. म्हणून दोन्ही वेळा मी पहाटेच भरतो.