फिट की अनफिट, एकावर टिक करा

आमच्या ऑफिसच्या मेडिकल फॉर्ममध्ये सात नंबरचा रकाना आहे : 'पूर्ण बरे होण्याची अपेक्षित तारीख'. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, कायमचा मुक्कामी) घेऊन मला सहा वर्षं झाली. तिथे काय लिहू, पुढची दिवाळी?

मागणं फार नव्हतं. आठवड्यातून दोन दिवस घरून काम आणि दुपारी अर्धा तास पाठ टेकायला जागा. ऑफिसातली मुलं जिथे कॅरम खेळतात ती खोलीही चालली असती. डोंबिवलीची गर्दी सोसून विक्रोळीला उतरेपर्यंत माझा निम्मा दिवस खर्च झालेला असतो. हा जागरणाचा थकवा नव्हे. आठ तास झोपून उठल्यावरही केस विंचरताना मध्येच हात खाली घ्यावा लागतो.

डॉक्टरांचं पहिलं पत्र दिलं : 'रुग्णास ल्युपस असून थकवा येतो.' एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "थकवा काय हो, मलाही येतो." (सासूबाईही हेच म्हणतात, पण त्या निदान खजूर देतात.) दुसऱ्यांदा फाइलभर रिपोर्ट नेले आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. आजार किती भडकलाय हे दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, सी३, सी४ ठीक, डीएसडीएनए आटोक्यात, लघवीत प्रोटीन नाही. "रिपोर्ट तर छान आहेत!" आजार शांत असतानाही थकवा राहतो, हे मी काउंटरच्या अलीकडून उभ्याउभ्या सांगत होते. तिथे खुर्ची नाही. शेवटी झेरॉक्सच्या कागदांच्या खोक्यावर बसले.

तिसऱ्यांदा 'अंशतः फिट' असं पत्र आणलं. सिस्टिममध्ये चौकटी दोनच, फिट आणि अनफिट. अनफिट म्हटलं की बिनपगारी रजा. मग दिव्यांग प्रमाणपत्र आणा, असंही सुचवून झालं. २०१६ च्या कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया आहे, सिकल सेल आहे, ल्युपस नाही. हे मी प्रिंट काढून दाखवलं, तर "लीगलला विचारते" म्हणून प्रिंट ठेवून घेतली. सात आठवडे असेच गेले.

सुटका झाली ती डॉक्टरांमुळे. फॉलोअपला गेले तेव्हा ते म्हणाले, आजार समजावत बसू नका, काय सोय हवी तेवढंच लिहू. पत्रात त्यांनी लिहिलं : 'कामासाठी फिट. आठवड्यात दोन दिवस घरून काम. सलग तीन तासांनंतर ३० मिनिटं आडवं पडून विश्रांती. सहा महिन्यांनी फेरतपासणी.' सात नंबरच्या रकान्यात फेरतपासणीचीच तारीख घातली. चार दिवसांत मंजूर! त्याच मॅडमनी "आधीच असं आणायचं ना" म्हटलं तेव्हा मी कशी गप्प बसले, ते माझं मलाच माहीत.

'तीन तास' हवेतून आले नव्हते. तीन आठवडे मी वहीत दर दोन तासांनी लिहीत होते, काय केलं आणि नंतर किती गळून गेले. तुम्हालाही ल्युपस असेल तर अशी वही ठेवा आणि डॉक्टरांना दाखवाच. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, उन्हाने ल्युपस भडकतो म्हणून आपण ऊन टाळतो ना. माझं हिमोग्लोबिन ९.२ निघालं होतं. सगळा थकवा ल्युपसच्या खात्यावर टाकून मी वर्षभर बसले होते. लोहाच्या गोळ्यांनी थोडा फरक पडला, सगळा नाही.

चालायला सांगितलं तेव्हा राग आला होता. उभं राहवत नाही आणि चाला काय? सूर्यास्तानंतर गच्चीवर दहा मिनिटांपासून सुरुवात केली, आता पंचवीस होतात. युलर या संधिवाताच्या आजारांवरच्या युरोपीय संघटनेच्या २०२३ च्या थकव्यावरच्या शिफारशींतही व्यायाम आहे. पण बरं वाटतंय म्हणून एकाच दिवशी सगळं उरकू नका. मी एका रविवारी घरातले सगळे पडदे धुतले आणि बुधवारपर्यंत आडवी होते. तरतरी येत नाही म्हणून एचसीक्यूची (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ल्युपसचं नेहमीचं औषध) गोळी मनाने बंद करू नका, ती त्यासाठी नसतेच. या गोळीसाठी लागणारी डोळ्यांची तपासणीही चुकवू नका.

आणि हो, पत्राच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा. मूळ प्रत त्यांनी एकदा हरवली.