लंगड्या स्टिंटचा निकाल लागला

स्टिंट म्हणजे चिखलातले चिमुकले किनारी पक्षी; लिटल आणि रेड-नेक्ड या त्यांच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती. गेल्या नोंदीत ‘लिटल की रेड-नेक्ड’ म्हणून अधांतरी ठेवलेला लंगडा स्टिंट परत सापडला, आणि आता त्याच्यावर विणीचा रंग चढायला लागलाय! गळा स्वच्छ पांढरा, छातीच्या दोन्ही बाजूंना केशरी झाक.

नुसत्या पांढऱ्या गळ्यावर शिक्का मारणं मला पटत नाही. अर्धवट रंगलेल्या रेड-नेक्डची हनुवटीही पांढरी दिसू शकते. म्हणून सगळं लक्ष छातीवरच्या गडद ठिपक्यांवर ठेवलं. ठिपके केशरी रंगाच्या आत असतील तर लिटल. रंग संपल्यावर खाली पांढऱ्यावर पडले असतील तर रेड-नेक्ड. पण 13-14 सेंटिमीटरचा हा जीव मान खाली घालून एकसारखा चोची मारत पळतो, छाती समोर येते ती क्षणभर. त्यात स्कोपचा (पक्षी पाहायच्या दुर्बिणीचा) झूम 60 पटीवर नेला की झळांमध्ये ठिपके पार विरघळतात. उन्हं चढल्यावर चिखलावर 30 पटीच्या पुढे जाऊच नये, हे माझं आता पक्कं मत. आणि फोटोंचा सपाटा लावण्यापेक्षा फोन स्कोपला लावून व्हिडिओ घ्यावा. एकेक फ्रेम सरकवत गेल्यावर एका ठिकाणी तो मान उंचावून थांबलेला मिळाला. ठिपके केशरीच्या आतच, पाठीवर लिटलची खूण असलेला पिवळट ‘व्ही’सुद्धा. लिटल!

मग हिवाळाभर रेड-नेक्डचा संशय का येत होता? पायांमुळे. मऊ चिखलात पाय रुततात, आखूड दिसतात. पिसं फुलवली की अंग बसकं वाटतं आणि थेट रेड-नेक्डचा भास होतो. तोच पक्षी घट्ट वाळूवर आला तेव्हा सांध्याच्या वरचा उघडा पाय नीट दिसला, उंची लगेच जाणवली. त्यामुळे चिखलातल्या फोटोंवरून पायांचा अंदाज बांधणं बंद. हे लिहिताना एक सुचलं: घट्ट जमिनीवर, पक्षी अगदी आडवा असताना, एकाच फ्रेममध्ये चोच आणि सांध्याखालचा पाय मोजून गुणोत्तर काढायचं. दोन्ही मापं त्याच पक्ष्याची, म्हणजे अंतराची भानगडच नाही. खात्रीच्या लिटलपासून सुरुवात करतो.

टेमिंक्स या आणखी एका स्टिंटने मात्र मजा आणली. पिवळट पाय चिखलाने माखून काळे झालेले, पायांवरून काहीच कळेना. उडाला आणि ‘टिर्रर्र’ करत सरळ वर चढला, शेपटीच्या कडा पांढऱ्याशुभ्र. संपला विषय.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाने 2023 मध्ये लेसर सँड प्लव्हर या किनारी पक्ष्याचे सायबेरियन आणि तिबेटन असे दोन भाग केले, त्यांच्या मागे लागायचा बेत होता. तो पुढे ढकलतोय. विणीचा रंग नसताना ते दोघं वेगळे करणं फार अवघड, आणि त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या ग्रेटर सँड प्लव्हरची चोच अजून माझ्या नजरेत नीट बसलेली नाही. आधी चोचीची लांबी आणि चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर यांची तुलना करत बसणार. ग्रेटरमध्ये चोच सरस ठरते. तीही व्हिडिओवरूनच.