दुसरं पॅकेट हरवलं तर?

जर्मनीतल्या आमच्या विभागात पीएचडीच्या मुलाखती ऑनलाइन होतात. नेटवर्क सिक्युरिटीला अर्ज भरपूर येतात, आणि बहुतेकांचा प्रस्ताव कुठल्या तरी गाजलेल्या पेपरला जोडलेलं शेपूट असतो. या वेळी वेस्ट बँकेतल्या रामल्लाहची एक मुलगी होती. मास्टर्स संपत आलेलं, बहीण गाझात.

‘तुमच्या परिस्थितीमुळे या विषयाकडे वळलात का?’ सहकाऱ्याने पहिलाच प्रश्न टाकला. म्युनिकच्या मुलाला हे कुणी विचारत नाही. ती म्हणाली, ‘ते नंतर बोलू. आधी क्लायंट हॅलोचा आकार बघूया?’

सुरक्षित जोडणी मागताना ब्राउझर पहिला निरोप धाडतो, तो क्लायंट हॅलो. पूर्वी त्यात एक्स२५५१९ या पद्धतीची ३२ बाइटची की (किल्ली) जायची, सगळं एका पॅकेटात, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या एका तुकड्यात, मावायचं. क्वांटम संगणकापुढेही टिकावी म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एमएल-केईएम ही पद्धत प्रमाणित केली. तिच्या ७६८ प्रकारातली की ११८४ बाइटची. दोन्ही एकत्र पाठवल्या, की बाकीच्या मजकुरासकट एका पॅकेटाची १५०० बाइटची मर्यादा सहज ओलांडते आणि एकाची दोन पॅकेटं होतात.

‘दुसरं हरवलं तर?’ तिने विचारलं.

मागून आणखी पॅकेटं येत नसतात, त्यामुळे टीसीपीला, म्हणजे हरवलेली पॅकेटं पुन्हा पाठवणाऱ्या यंत्रणेला, सुगावा लागत नाही. टायमर संपेपर्यंत ताटकळावं लागतं. आमच्या फायबरवर हे जाणवतसुद्धा नाही. तिकडे पॅलेस्टाईनमध्ये मोबाइलच्या फ्रिक्वेन्सीला इस्रायलची मंजुरी लागते. वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी कंपन्यांचं थ्रीजी सुरू झालं ते जानेवारी २०१८ मध्ये, आणि गाझा तेव्हाही टूजीवरच राहिलं. म्हणजे जिथे पॅकेटं सर्वांत जास्त गळतात, तिथेच हा नवा हँडशेक, म्हणजे जोडणी जुळवण्याची ही पहिली देवाणघेवाण, सर्वांत जड पडणार. हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

बहिणीच्या फोनवरच्या नोंदी तिने पडद्यावर आणल्या. आयपी पत्ते, टॉवरचे क्रमांक काढून टाकलेले. तारखा आणि घड्याळी वेळाही नव्हत्या, फक्त हँडशेक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद. ‘नेट कधी चालू होतं यावरूनसुद्धा माणूस कुठे आहे ते कळू शकतं,’ ती म्हणाली. गोपनीयतेवर आम्ही अख्खं सत्र शिकवतो, तरी इतकी काटेकोर नोंदवही माझ्या विद्यार्थ्यांकडून मला क्वचितच मिळते.

शेवटी तिने रुजू होण्याची तारीख थोडी मागेपुढे चालेल का, असं विचारलं. विमान पकडायला तिला जॉर्डनच्या सीमेवरचा अ‍ॅलनबी पूल ओलांडून आधी अम्मानला जावं लागतं, आणि तो पूल कधी बंद होईल याचा नेम नसतो. एवढ्यावरून गुणपत्रिकेत ‘उपलब्धता अनिश्चित’ असा शेरा पडला. पेपर छापलेला नाही म्हणून आणखी गुण गेले. ती प्रतीक्षा यादीत आहे.

पूल बंद होणं हा उमेदवाराचा दोष कसा, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. मी लेखी असहमती दिली आहे. प्रयोगशाळेत नेटेम हे खराब नेटवर्कची नक्कल करणारं साधन लावून पॅकेटं मुद्दाम गाळली आणि तिची मांडणी तपासली. ती म्हणाली तसंच झालं. तो आलेख असहमतीला जोडला आहे. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.