पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो

स्नेहसंमेलनं, सहली, मैदानावरचे सामने यांवर लिहिणारे माझे वर्गमित्र या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पुष्कळ असतील. मी लिहिणार आहे झाडाच्या पानावर. नववीत विज्ञानाच्या बाईंनी ज्या रीतीने पान शिकवलं, त्यामुळेच मी पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळले.

बाईंनी धडा व्याख्येने सुरू केला नाही. "झाडाचं लाकूड येतं कुठून?" एवढंच विचारलं. अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "मातीतून." मग त्यांनी सतराव्या शतकातल्या व्हान हेल्मॉन्टचा प्रयोग सांगितला. त्याने २०० पौंड कोरडी माती तोलून मोठ्या कुंडीत भरली, तिच्यात ५ पौंडांचं वाळुंजाच्या जातीचं रोप लावलं आणि ५ वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंड. माती घटली ती जेमतेम २ औंस. तेव्हा झाड पाण्याचंच बनलं, असा निष्कर्ष त्याने काढला. "यात त्याच्या नजरेतून काय सुटलं?" बाईंनी विचारलं आणि घंटा झाली. उत्तर न सांगताच त्या निघून गेल्या.

सुटली होती ती हवा. हवेत कार्बन डायऑक्साइड किती, तर ०.०४ टक्क्यांच्या आसपास. वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं आणि तो सगळा या एवढ्याशा वायूतून, पानांच्या पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, आत आलेला असतो. हे कळलं त्या दिवशी शाळेतले बाक, फळ्याची चौकट, दारं हे सगळं एके काळी हवेत होतं, या विचाराने मी थक्क झाले होते. आजही होते.

पुढचा इतिहास बाईंनी भराभर सांगितला. बंद भांड्यात मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याची डहाळी पुन्हा चांगली करते, हे प्रिस्टलेने १७७१ मध्ये पाहिलं. त्यासाठी सूर्यप्रकाश लागतो आणि हे काम झाडाचे फक्त हिरवे भाग करतात, हे इंगेनहाउझने १७७९ मध्ये दाखवलं.

आयोडीनचा प्रयोग मात्र त्यांनी प्रत्येकाकडून करून घेतला. कुंडीतलं रोप आधी अंधारात ठेवायचं, म्हणजे पानांतला साठलेला स्टार्च संपतो. मग एका पानाच्या मध्यावर काळ्या कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी लावून रोप उन्हात आणायचं. संध्याकाळी ते पान तोडून उकळत्या पाण्यात बुडवायचं आणि नंतर स्पिरीटच्या परीक्षानळीत घालून ती नळी गरम पाण्यात धरायची. स्पिरीट थेट ज्योतीवर धरायचं नाही, हे बाई दर वेळी बजावत. बघता बघता स्पिरीट हिरवंगार व्हायचं आणि पान फिकट, कागदासारखं पांढुरकं उरायचं. त्यावर आयोडीनचे थेंब टाकले की सगळं पान निळं-काळं पडे, फक्त पट्टीखालचा भाग कोरा राही. ऊन लागलं तिथे अन्न तयार झालं, नाही लागलं तिथे नाही. इतका स्वच्छ पुरावा मी त्यानंतर फार थोड्या प्रयोगांत पाहिला.

हरितद्रव्य प्रकाशातला तांबडा आणि निळा भाग भरपूर शोषतं. हिरवा त्या मानाने कमी शोषला जातो, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. शोषलेल्या ऊर्जेने पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यांतला ऑक्सिजन बाहेर पडतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन पाण्यातून सुटलेला असतो, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. ऑक्सिजनचा जड समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा अणू, वापरून १९४१ मध्ये याचा थेट पुरावा मिळाला. पाण्यातून निघालेला हायड्रोजन आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांपासून पुढे साखर तयार होते.

आता पानगळ. बाईंनी हिरव्या पानाचा अर्क गाळणकागदाच्या पट्टीवर ठिपका करून लावला आणि पट्टीचं टोक द्रावणात उभं केलं. द्रावण वर चढत गेलं तसे रंग सुटे झाले. खाली दोन हिरवे पट्टे, एक पिवळसर हिरवा आणि एक निळसर, आणि त्यांच्या वर स्वच्छ पिवळे. हिरव्यागार पानात पिवळा! तो कॅरोटिनॉइडांचा रंग. तो पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्यापुढे दिसत नाही एवढंच.

थंड प्रदेशांत दिवस लहान होऊ लागले की झाड पानांतला माल परत घ्यायला लागतं. नायट्रोजन मिळवणं झाडाला अवघड जातं, आणि पानातला बराचसा नायट्रोजन हरितलवकांच्या, म्हणजे पेशीतल्या हरितद्रव्य असलेल्या कणांच्या, प्रथिनांत असतो. ती प्रथिनं मोडायची तर त्यांना चिकटलेलं हरितद्रव्य मोकळं होणार आणि मोकळं हरितद्रव्य उन्हात घातक. ते प्रकाश तर शोषत राहतं, पण ती ऊर्जा ऑक्सिजनला देऊन पेशी जाळतं. म्हणून झाड आधी हरितद्रव्यच टप्प्याटप्प्याने मोडून रंगहीन करतं. असा पहिला रंगहीन पदार्थ नेमका कसा असतो, हे १९९१ मध्ये कळलं. इतकी वर्षं सगळं जग पानं पिवळी होताना बघत होतं आणि हिरवा रंग जातो कुठे, हे ठाऊक नव्हतं! नायट्रोजन आणि फॉस्फरस फांदीत पोचले की देठाच्या बुडाशी पेशींचा विलग होणारा थर सुटतो आणि पान गळतं. तपकिरी रंग मागे उरलेल्या टॅनिनांचा.

लाल रंगाची गोष्ट वेगळी. अँथोसायनिन हे रंगद्रव्य बहुतेक झाडं पान गळायच्या तोंडावर नव्याने बनवतात. लख्ख ऊन आणि थंड रात्री असल्या की तो लाल जास्त खुलतो. जाणाऱ्या पानावर झाडाने हा खर्च का करावा? एक मत असं, की माल काढून घेईपर्यंत हा रंग पानाला तीव्र प्रकाशापासून जपतो. दुसरं मत, की तो किडींना दिलेला इशारा आहे. मला पहिलं जास्त पटतं, कारण कित्येक झाडांची कोवळी पालवीही तांबूस असते, आणि तिथेही प्रकाश झेपण्याचाच प्रश्न असतो.

आज शाळेत असलेल्या मुलामुलींनी एवढं करून बघावं. एकाच झाडाचं एक हिरवं आणि एक पिवळं पडलेलं पान घेऊन त्यांच्या अर्काच्या, बाईंनी केली तशा, दोन पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या करा. ज्योत जवळ नको, शिक्षक जवळ हवेत. पिवळे पट्टे दोन्हींत एकाच उंचीवर येतील, हिरवे मात्र एकीतच ठळक असतील. नंतर एखादं गर्द लाल पान चुरून पाण्यात उकळा. अँथोसायनिन पाण्यात उतरतं, कॅरोटिनॉइडं उतरत नाहीत. त्या लालसर पाण्यात खायच्या सोड्याची चिमूट टाका, रंग निळसर-हिरवट होईल. लगेच सौम्य आम्लाचे थेंब घाला, पाणी परत तांबूस होईल.